दोन रिकाम्या जागा आणि एक ऑडिशन: ड्रीम थिएटरचं प्रकरण

८ सप्टेंबर २०१० रोजी ड्रमर माइक पोर्टनॉयने आपण ड्रीम थिएटर हा अमेरिकन मेटल बँड सोडत असल्याचं जाहीर केलं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या तिघांनी हा बँड काढला, त्यांतलाच तो एक. त्या दिवशी बँडमध्ये दोन जागा रिकाम्या झाल्या. एक ड्रमरची. ती सगळ्यांना दिसली, तिच्यासाठी सात जणांना बोलावलं गेलं, तीन दिवस कॅमेरे लावून त्यांचं वादन टिपलं गेलं आणि जगभरच्या चाहत्यांनी ते बघितलं. दुसरी जागा होती कारभाऱ्याची. तिच्यासाठी कुणाला बोलावलं नाही, कुणाची परीक्षा घेतली नाही.

पुढच्या तेरा-चौदा वर्षांत या बँडचं जे झालं त्यावर चाहत्यांमध्ये अजून भांडणं होतात. पोर्टनॉयवाले आणि त्याच्या जागी आलेल्या माइक मँजिनीचे, म्हणजे मँजिनीवाले, असे दोन पक्षच पडले आहेत. मला वाटतं, या दोन जागांची सरमिसळ केल्यामुळे ती भांडणं मिटत नाहीत. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

पोर्टनॉय नेमकं काय काय करायचा

गिटारवादक जॉन पेट्रुची आणि बेसवादक जॉन मायंग हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे, शाळेपासूनचे मित्र. दोघं बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकायला गेले आणि १९८५ मध्ये तिथेच त्यांना पोर्टनॉय भेटला. बँडचं पहिलं नाव होतं मॅजेस्टी. त्या नावाचा दुसरा बँड आधीच असल्याने ते सोडावं लागलं. ड्रीम थिएटर हे नाव सुचवलं पोर्टनॉयच्या वडिलांनी, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या एका सिनेमागृहावरून. १९९१ मध्ये कॅनडाचा जेम्स लाब्री गायक म्हणून आला, १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बमने नाव झालं. आठ मिनिटांहून मोठं गाणं रेडिओवर आणि एमटीव्हीवर वाजू शकतं हे त्या अल्बमने दाखवून दिलं. १९९९ मध्ये की-बोर्डवर जॉर्डन रुडेस आला आणि पुढची अकरा वर्षं हे पाच जण कायम राहिले.

या अकरा वर्षांत पोर्टनॉय ड्रमर होताच, पण अल्बमचा सहनिर्माताही होता. १९९९ ते २००९ या काळातल्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर निर्माता म्हणून पेट्रुचीबरोबर त्याचं नाव आहे. तो गीतं लिहायचा, मागचा आवाज द्यायचा, जुन्या ध्वनिमुद्रणांचा साठा सांभाळायचा आणि 'यत्सेजॅम' या नावाखाली ती चाहत्यांसाठी बाजारात आणायचा (मॅजेस्टी हा शब्द इंग्रजीत उलटा लिहिला की हे नाव तयार होतं). कधी कधी कुणा दुसऱ्या बँडचा अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायचा, ही टूम मुख्यतः त्याची. मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' त्यांनी असा वाजवला, पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून'सुद्धा.

आणि सेटलिस्ट. कोणत्या रात्री कोणती गाणी, कोणत्या क्रमाने, हे तो ठरवायचा. मागच्या वेळी याच शहरात काय वाजवलं होतं हे काढून बघायचा आणि या वेळी शक्यतो वेगळं द्यायचा. एकाच टूरचे तीन कार्यक्रम बघणाऱ्याला तीन वेगळे कार्यक्रम मिळायचे. चाहत्यांची या बँडशी जी घट्ट गाठ बसली, तिचं बरंचसं श्रेय मी या एका सवयीला देतो.

त्याचं स्वतःचं आयुष्यही बँडच्या संगीतात होतं. दारूच्या व्यसनातून बाहेर येताना त्याने व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांवर एक दीर्घ रचना लिहायला घेतली. ती एका अल्बमवर मावणारी नव्हती. २००२ ते २००९ मधल्या पाच अल्बमवर प्रत्येकी एक अशी पाच गाणी आली आणि बारा पायऱ्या पुऱ्या झाल्या. सात वर्षं एक माणूस आपल्या सावरण्याची गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगत होता आणि बाकीचे चार जण ती वाजवत होते. असा माणूस बँडमधून उठतो तेव्हा काय काय उठून जातं, याचा अंदाज यावरून यावा.

२००९ आणि २०१०

जानेवारी २००९ मध्ये पोर्टनॉयचे वडील गेले. त्यांच्यासाठी लिहिलेलं गाणं त्याच वर्षीच्या 'ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज' या अल्बमवर आहे. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. त्याआधी या बँडचा कुठलाही अल्बम तिथे इतक्या वर गेला नव्हता. मग टूर. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला हे भरभराटीचं वर्ष होतं.

२८ डिसेंबर २००९ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या बँडचा तरुण ड्रमर वारला. पोर्टनॉय हा त्याच्या आवडत्या ड्रमरांपैकी एक. बँडने पोर्टनॉयला विचारलं, तो गेला, 'नाइटमेअर' हा अल्बम त्याने वाजवला. जुलै २०१० मध्ये आलेला तो अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या टूरवरही तोच होता. तिथे त्याच्यावर कारभाराचं ओझं नव्हतं. गाणी ठरलेली, निर्णय दुसऱ्यांचे, याने फक्त वाजवायचं.

याच काळात त्याने आपल्या बँडपुढे प्रस्ताव ठेवला, की आपण काही काळ थांबू. अल्बम, टूर, अल्बम, टूर हे चक्र वर्षानुवर्षं न थांबता चाललं होतं. सगळे दमलो आहोत, आपसातले संबंध आधीसारखे राहिलेले नाहीत, थोडी विश्रांती घेतली तर पुन्हा भूक लागेल, असं त्याचं म्हणणं. बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये स्टुडिओत जायचं त्यांचं ठरलं होतं. बँड बंद ठेवला की वाजवणाऱ्यांचं उत्पन्न थांबतं, शिवाय टूरवर काम करणाऱ्या साउंडवाल्या, लाइटवाल्या, सामान वाहणाऱ्या माणसांचंही. पोर्टनॉयच्या हाताशी दुसरा बँड होता, या चौघांची रोजीरोटी इथेच होती.

इथे दोन्ही बाजूंना आपापलं खरं होतं. दमलेल्या माणसाने थांबूया म्हणावं हे रास्त, आणि न दमलेल्यांनी आमचं काम का बंद ठेवता म्हणावं हेही रास्त. चूक झाली ती माझ्या मते आधीच्या दहा वर्षांत. एवढा सगळा कारभार एकाच माणसाकडे गोळा होऊ दिला. त्याने तो आनंदाने घेतला, इतरांनी आनंदाने दिला. त्यामुळे तो दमला तेव्हा त्याला आख्खा बँडच थांबवावासा वाटला, कारण अर्धं काम दुसऱ्याकडे देऊन नुसतं ड्रमवर बसण्याची सोय त्याच्या लेखी उरलीच नव्हती.

त्यानंतरचं घडलं फार झटपट. डिसेंबर २०१० मध्ये ॲव्हेंज्ड सेव्हनफोल्ड आणि पोर्टनॉय वेगळे झाले. त्याने ड्रीम थिएटरमध्ये परत येण्याची इच्छा कळवली. तोवर ऑक्टोबर उलटून गेला होता आणि बँडने आपला माणूस निवडला होता. उत्तर वकिलामार्फत आलं, असं पोर्टनॉयने पुढे सांगितलं. पंचवीस वर्षांच्या दोस्तांकडून वकिलाचं पत्र यावं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत वाईट वळण वाटतं. घरची माणसं तर एकमेकांत गुंतलेली. पेट्रुची, मायंग आणि पोर्टनॉय या तिघांच्याही बायका मीनस्ट्रीक नावाच्या एकाच मेटल बँडमध्ये वाजवायच्या.

तीन दिवस, सात ड्रमर

ऑक्टोबर २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑडिशन झाली. आलेले सात जण: माइक मँजिनी, डेरेक रॉडी, थॉमस लँग, व्हर्जिल डोनाटी, मार्को मिनेमन, अकिलेस प्रिस्टर आणि पीटर विल्डर. ड्रमिंगच्या जगात यांतला एकही नवखा नाही. काहींकडे शिकायला लोक देश ओलांडून येतात. अशा माणसांनी परीक्षार्थी होऊन यावं, यावरून त्या जागेचं मोल कळतं.

परीक्षेची रचना मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिचे तीन भाग होते. पहिला भाग, आधीपासून सांगून ठेवलेली तीन गाणी. 'अ नाइटमेअर टू रिमेंबर' हे सोळा मिनिटांचं, त्यात दम आणि ताकद लागते. 'द स्पिरिट कॅरीज ऑन' हे संथ, त्यात कमी वाजवून गाणं पेलता येतं का ते दिसतं. तिसरं 'द डान्स ऑफ इटर्निटी', सहा मिनिटांची शब्दाविना रचना.

या तिसऱ्याबद्दल थोडं. आपल्याकडे ताल म्हटला की रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, तीनताल सोळाचा. आवर्तन एकदा धरलं की ते कायम राहतं, गाणारा कितीही लांब गेला तरी सम आपल्या जागी येते, आणि त्या भरवशावर सगळी गंमत असते. या रचनेत आवर्तनाची लांबीच बदलत जाते. एखादं सात मात्रांचं, पुढचं पाचाचं, मग सहाचं, आणि असे बदल सहा मिनिटांत शंभराहून अधिक. म्हणजे सम कुठे येणार हे प्रत्येक वेळी पाठ असावं लागतं, आणि पाठ आहे असं ऐकणाऱ्याला वाटता कामा नये. माझा एक मित्र तबला वाजवतो. त्याला मी हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तो हातावर टाळी धरून मोजायला लागला, अर्ध्या मिनिटात मोजणं सोडलं आणि म्हणाला, पुन्हा लाव.

दुसरा भाग, ठरवल्याशिवाय एकत्र वाजवणं. कुणीतरी काहीतरी सुरू करायचं आणि बाकीच्यांनी ते उचलायचं. तिसरा भाग सर्वांत हुशारीचा. बँडने विषम मात्रांचे काही नवे रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे सुरांचे तुकडे) तयार ठेवले होते. ते तिथल्या तिथे ऐकवायचे आणि समोरचा ते कसे समजून घेतो, किती वेळात त्यावर काय बांधतो, ते बघायचं. नवा अल्बम लिहिताना नेमकं हेच करावं लागणार होतं. नुसत्या पाठांतराने पहिला भाग निघतो, तिसरा निघत नाही.

मँजिनी तेव्हा बर्कलीतच शिकवत होता, म्हणजे ज्या महाविद्यालयात बँड जन्मला तिथेच. त्याआधी ॲनाइहिलेटर, एक्स्ट्रीम आणि स्टीव्ह व्हाय यांच्याबरोबर त्याने वाजवलं होतं. लाब्रीच्या एकट्याच्या अल्बमवरही तो होता, त्यामुळे अगदीच अनोळखी नव्हता. वेगाच्या स्पर्धांमध्ये एका मिनिटात हातांनी बाराशेहून अधिक आघात, असे विक्रम त्याच्या नावावर होते. पण चित्रफितीत वेगापेक्षा लक्षात राहतो तो त्याचा चेहरा. हे काम मिळावं म्हणून जीव टांगणीला लागलेल्या, तयारीत कुठेही कसर न ठेवलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा. निवड झाल्याचा फोन आला तेव्हाची त्याची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी पुढे त्याच्याबद्दल वाटेल ते लिहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नाव लगेच फोडलं नाही. ऑडिशनची चित्रफीत भागाभागाने आली आणि २९ एप्रिल २०११ रोजी मँजिनीचं नाव जाहीर झालं. त्याने प्राध्यापकी सोडली.

दुसऱ्या जागेवर कोण बसलं

या सगळ्या तीन दिवसांत कुणीही कुणाला विचारलं नाही, की सेटलिस्ट कोण करणार? अल्बमची दिशा कोण ठरवणार? जुनी ध्वनिमुद्रणं कोण सांभाळणार? बँडने ते मुद्दामच विचारलं नाही. त्यांना ड्रमर हवा होता, दुसरा पोर्टनॉय नको होता. कारभार त्यांनी आपसात वाटून घेतला आणि त्यातला मोठा वाटा पेट्रुचीकडे गेला.

'अ ड्रमॅटिक टर्न ऑफ इव्हेंट्स' हा अल्बम सप्टेंबर २०११ मध्ये आला. निर्माता एकटा पेट्रुची. त्यातले ड्रम मँजिनीने वाजवले, पण त्यांचा आराखडा पेट्रुचीने संगणकावर आधी तयार करून ठेवला होता. लेखन सुरू झालं तेव्हा नवा ड्रमर खोलीत नव्हता. मँजिनीने त्या आराखड्यात आपल्या पद्धतीने भर घातली. बँडला पहिलं ग्रॅमी नामांकन याच अल्बमवरच्या गाण्याला मिळालं. ज्या वर्षी बँड फुटेल असं लोक म्हणत होते, त्या वर्षी हे झालं, म्हणून मी त्याला महत्त्व देतो.

पुढे २०१३ च्या अल्बमपासून मँजिनी लेखनात आला. तरी सत्तेचा आकार बदलला होता तो बदललाच. २०१६ चा 'द अस्टॉनिशिंग' हा त्याचा कळस. दोन तबकड्या, चौतीस गाणी, दोन तासांहून जास्त लांबीची एक सलग कथा, आणि हे सगळं पेट्रुची आणि रुडेस यांनी मिळून रचलेलं. मला त्यातली काही गाणी मनापासून आवडतात, पण पाच जणांच्या भांडणातून जे खडबडीत, अनपेक्षित काही निघायचं ते त्यात सापडत नाही. पोर्टनॉय असता तर कुणीतरी म्हणालं असतं की हे चाळीस मिनिटांनी कापा. हा माझा अंदाज, पण त्याच्या काळातले अल्बम ऐकून बांधलेला.

मंचावरही फरक पडला. कार्यक्रम पडद्यावरच्या दृश्यांशी आणि क्लिक ट्रॅकशी (वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्याशी) बांधले गेले, सेटलिस्ट टूरभर बरीचशी तीच राहू लागली. वादन काटेकोर झालं, तंतोतंत झालं. आज रात्री काय वाजवतील, ही हुरहूर मात्र गेली. चाहत्यांनी याचा राग मँजिनीवर काढला. तो यांत्रिक वाजवतो, त्याच्या स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या मुख्य ड्रमचा, आवाज कोरडा आहे, असं लिहिलं गेलं. स्नेअरचा आवाज बराचसा मिक्सिंगमध्ये ठरतो आणि सेटलिस्ट तो करत नव्हता. लोकांना खटकत होती ती दुसरी रिकामी जागा, आणि बोल बसत होते पहिल्या जागेवरच्या माणसाला.

ज्यांना मँजिनी कोण हे ऐकायचं असेल त्यांनी २०१९ चा 'डिस्टन्स ओव्हर टाइम' लावावा. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटिसेलो गावी, एका जुन्या कोठाराच्या स्टुडिओत पाचही जण एकत्र राहिले, तिथेच जेवले, तिथेच लिहिलं. त्यात एका गाण्याचे शब्दही मँजिनीचे आहेत. खोलीत पाच माणसं आहेत हे ऐकू येतं. मग ३ एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगासमध्ये 'द एलियन' या गाण्याला ग्रॅमी मिळालं. सदतीस वर्षांच्या बँडचं हे पहिलं ग्रॅमी, ड्रमवर मँजिनी.

परतीची वाट

पोर्टनॉय या काळात गप्प बसला नव्हता. वाइनरी डॉग्ज, फ्लाइंग कलर्स, सन्स ऑफ अपोलो, एकामागून एक बँड. पण २०१७ मध्ये त्याने जे केलं ते मला सर्वांत बोलकं वाटतं. व्यसनमुक्तीवरची ती पाच गाणी त्याने सलग, एका बैठकीत मंचावर आणली. ड्रीम थिएटरमध्ये असताना हे राहून गेलं होतं. बरोबर होते हेकन या इंग्लिश बँडचे वादक. आपली गोष्ट पुरी करायला त्याला उसनी माणसं घ्यावी लागली.

२०२० मध्ये पेट्रुचीने आपला एकट्याचा अल्बम केला आणि ड्रमवर पोर्टनॉयला बोलावलं. त्याच वर्षी दोघं रुडेसबरोबर लिक्विड टेन्शन एक्स्परिमेंट या आपल्या जुन्या, बाजूच्या बँडसाठी पुन्हा एकत्र आले. राहिला लाब्री. पोर्टनॉय आणि त्याच्यात अनेक वर्षं बोलणं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये पोर्टनॉय न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये ड्रीम थिएटरच्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून गेला, आणि तिथे दोघं एकमेकांना मिठी मारून मोकळे झाले.

२५ ऑक्टोबर २०२३ रोजी पोर्टनॉय परतल्याची घोषणा झाली. मँजिनी बाहेर पडला. त्याचं त्या वेळचं निवेदन या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ दस्तऐवज आहे. बँडचा निर्णय आपल्याला समजतो, असं त्याने म्हटलं. पोर्टनॉयच्या सगळ्या भूमिका भरून काढणं हे आपलं काम नव्हतं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, बँड पुढे चालावा म्हणून ड्रम वाजवणं हे आपलं काम होतं, असंही. तेरा वर्षं लोक ज्यावर भांडत होते, ते त्याने दोन वाक्यांत, कुणालाही न दुखावता सांगून टाकलं.

आता पोर्टनॉयला काय परत मिळालं ते बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पॅरासोम्निया' आला, झोपेच्या विकारांवरचा. ड्रमवर तो आहे, लेखनात आहे, शब्दांत आहे. निर्माता म्हणून नाव एकट्या पेट्रुचीचं आहे. पंधरा वर्षांपूर्वी जे दोघांत वाटलेलं होतं ते आता एकाकडे राहिलं, आणि पोर्टनॉय तरीही आला. अर्धं काम दुसऱ्याकडे ठेवून ड्रमवर बसण्याची जी सोय २०१० मध्ये नव्हती, ती आता होती.

चाळीसाव्या वर्षाची टूर २० ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनच्या ओ टू अरीनामध्ये सुरू झाली. त्या रात्रीची गाणी बहुतेक जुनी, पोर्टनॉयच्याच काळातली. पण त्यांत 'धिस इज द लाइफ' होतं, २०११ चं, आणि 'बारस्टूल वॉरियर', २०१९ चं. दोन्ही मूळ ध्वनिमुद्रणांवर ड्रम मँजिनीचे आहेत. त्या रात्री पोर्टनॉयने ती वाजवली.